नळदुर्गचा पाणी महाल आणि आमची उसनी रसिकता

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने अलीकडे ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांच्या दृष्टीस दोन वस्तू अवश्य पडल्या असतील. पहिली वस्तू म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली मंगल कार्यालये व बिनशेती भूखंडांवरील बंगले. त्यांना गिलाव्याचे गोल खांब असतात, खांबांवर त्रिकोणी शिरोभाग असतो, अंगणात सिमेंटची परी हातात घडा घेऊन उभी असते, आणि त्या घड्यातून पाणी उडविण्यासाठी विजेचा पंप बसविलेला असतो. तो बहुधा बंद असतो. फलकावर ‘व्हिला’ हा शब्द हटकून लिहिलेला सापडतो. दुसरी वस्तू सोलापुरापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर, नळदुर्ग गावी, त्याच रस्त्याच्या कुशीत आहे. तेथे बोरी नदीवर चारशे वर्षांपूर्वीचे दगडी धरण आहे आणि त्या धरणाच्या पोटात एक महाल आहे. पहिल्या वस्तूस आमचा सुशिक्षित वर्ग ‘इटालियन’ म्हणतो आणि दुसरीस ‘अजब’ म्हणतो. ही दोन्ही विशेषणे चुकीची आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी एकच आळस आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम इटलीची गोष्ट घेऊ, कारण ज्या नाण्याने आपण सारी खरेदी करतो ते नाणे खरे की खोटे हे आधी पारखले पाहिजे. ‘व्हिला’ हा शब्द मुळात लॅटिन असून त्याचा अर्थ शेतवाडा असा आहे. रोमन धनिकाची ती मळ्यातील वस्ती असे. तेथे धान्य, द्राक्षे, तेलाचे घाणे, जनावरे हा सारा पसारा प्रथम येई, व मालकाची विश्रांती त्यामागून. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या सरदारांनी हीच कल्पना पुन्हा जिवंत केली. समुद्रावरचा व्यापार पूर्वीसारखा निर्वेध राहिला नव्हता. तेव्हा या व्यापारी लोकांनी आपला पैसा मुख्य भूमीवरील शेतीकडे वळविला, पाणथळ जमिनींतील पाणी काढून त्या लागवडीस आणल्या, आणि त्या जमिनींवर देखरेख करण्यासाठी जी घरे बांधली त्यांचा सर्वांत मोठा शिल्पकार आन्द्रेआ पॅलाडिओ हा होय. त्याच्या उद्यानगृहांच्या दोन्ही अंगांस ज्या लांबच लांब कमानदार पडव्या दिसतात आणि ज्यांच्या छायाचित्रांवर आमचे लोक लुब्ध होतात, त्या शोभेच्या नव्हेत. त्यांत धान्याची कोठारे, अवजारे व गोठे असत. पारव्यांची खुराडीसुद्धा त्याच आखणीत बसविलेली असत.

मासेर येथील बार्बारो बंधूंचे उद्यानगृह हे याचे उत्तम उदाहरण आहे. दोघा भावांपैकी दानिएले हा विट्रुव्हियसच्या वास्तुग्रंथाचा अनुवादक व भाष्यकार होता. म्हणजे घर बांधविणारा आणि बांधणारा हे दोघेही शास्त्र जाणणारे होते. घरामागच्या टेकडीतून एक झरा येतो. त्यापुढे पॅलाडिओने मूर्तींनी सजविलेले अर्धवर्तुळाकार जलमंदिर उभारले आहे. प्रवासी तेवढेच पाहतो आणि वाहवा करून परत येतो. परंतु पॅलाडिओने १५७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वास्तुशास्त्रावरील चार खंडांच्या ग्रंथात या पाण्याचा पुढचा प्रवासही नोंदविला आहे. ते पाणी जलमंदिरातून मत्स्यकुंडात जाते, तेथून स्वयंपाकघरात येते, मग बागेस मिळते, आणि अखेर फळझाडांकडे वळते. एकच ओहोळ देवतांच्या मूर्तींस न्हाऊ घालतो, माशांस जगवितो, भांडी घासतो आणि झाडे शिंपतो. आमच्या मते मासेरच्या घराचे सारे सौंदर्य या क्रमात आहे. छतांवरील व्हेरोनेसेची चित्रे काढून घेतली तरी ते उणे होणार नाही. आमच्याकडील सिमेंटच्या परीच्या घड्यातील पाणी कोठून येते व कोठे जाते, असा प्रश्न तिच्या मालकास कधी पडला आहे काय?

व्हिसेन्झाजवळील ‘रोतोन्दा’ ही इमारत या नियमास काहीशी अपवाद आहे. पोपच्या दरबारातून निवृत्त झालेल्या पाओलो आल्मेरिको नामक धर्माधिकाऱ्यासाठी १५६६-६७ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले. मध्ये घुमट, चारी दिशांस सहा-सहा खांबांचे चार देवडीवजा दर्शनी मंडप, आणि भोवती टेकडीवरून दिसणारा मुलूख. जगभर जिच्या नकला झाल्या ती हीच इमारत. पण नकल करणाऱ्यांनी खांब मोजले, टेकडी मोजली नाही. चारी बाजूंस पाहण्यासारखे काही आहे म्हणून तेथे चार मंडप आहेत. आमच्याकडे एका बाजूस पेट्रोलपंप, दुसऱ्या बाजूस गुदाम, तरीही मंडप चारच! असो.

आता टिव्होलीचे एस्ते उद्यानगृह. ज्यास खरा विलास म्हणावे तो येथे आहे. कार्डिनल इप्पोलितो द’एस्ते हा १५५० साली टिव्होलीचा राज्यपाल झाला. पोप होण्याची त्याची आकांक्षा फळास आली नव्हती, व पोपचे सिंहासन गेले तरी पोपास लाजवील अशी बाग तरी आपली असावी, या ईर्ष्येने त्याने पिर्रो लिगोरिओ या पुराणवस्तुवेत्त्याकडून हे स्थळ आखून घेतले. त्यासाठी लोकांची घरे व मळे गेले, आणि लोकांनी कार्डिनलवर दावे लावले. आनिएने नदीचे पाणी गावाखालून बोगदा खोदून आणले, आणि उतारावर शेकडो कारंजी उभी केली. पाण्याच्या जोरावर वाजणारे एक वाद्यही त्यात आहे. पंप एकही नाही. सारा खेळ केवळ उताराचा आहे. ही गोष्ट खरोखर आश्चर्याची आहे, आणि तिच्याविषयी इंग्रजीतून वाचून आमचे तरुण भारावतात याचे आम्हांस वाईट वाटत नाही. पाश्चात्त्य वाङ्मय शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने पाश्चात्त्य सौंदर्याची निंदा करावी हे शोभणारही नाही. आमची तक्रार एवढीच आहे की, जी दृष्टी टिव्होलीस पाहताना उघडी असते ती नळदुर्गास येताच मिटते.

नळदुर्ग हा तुळजापूर तालुक्यातील किल्ला. पुढे भीमेस मिळणारी बोरी नदी येथे वळण घेते, आणि त्या वळणातील पठाराच्या सोंडेवर किल्ला बसला आहे. लोक त्याचा संबंध नळ राजाशी जोडतात. पण आज जी दगडी तटबंदी दिसते तिचे श्रेय अली आदिलशहा पहिला याच्या राजवटीस, म्हणजे १५५८ ते १५८० या काळास दिले जाते. सोलापूर व नळदुर्ग ही ठाणी विजापूर आणि अहमदनगर या दोन दरबारांतील जुन्या भांडणाचे मूळ होती, त्यामुळे येथे भक्कम किल्ला असणे विजापूरकरांस अगत्याचे होते. मुख्य किल्ल्यासमोर नदीपलीकडे रणमंडळ नावाचा जोडकिल्ला आहे. या दोहोंना जोडणारी जी भिंत, तीच धरण. तिने नदी अडविली, किल्ल्याच्या अंगास खोल पाणी उभे केले, शत्रूची वाट बंद केली, दोन किल्ल्यांमध्ये ये-जा करण्यास रस्ता दिला, आणि शिबंदीस व जनावरांस वर्षभराचे पाणी दिले. ही चार कामे एका भिंतीने केल्यावर पाचवे काम तिला दिले गेले. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या राजवटीत, १६१३ साली, तिच्या पोटात पाणी महाल सिद्ध झाला. मीर इमादीन असे शिल्पकाराचे नाव सांगितले जाते, आणि महालात फार्सी शिलालेख आहे.

धरणाच्या माथ्यावरून अरुंद जिना आत उतरतो. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या माणसास क्षणभर काही दिसत नाही, आणि मग पायऱ्यांच्या वळणावर गारवा लागतो. खालच्या दालनात नक्षीदार कमानी आहेत, आणि त्या ज्या बाजूस उघडतात तिकडे नदीचे खालचे पात्र आहे. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला की जास्तीचे पाणी दोन सांडव्यांतून खाली कोसळते. या दोन धारांस लोकांनी नर व मादी अशी नावे दिली आहेत. महालाच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसापुढे पाण्याचा पडदा हलत असतो. मागे, भिंतीपलीकडे, साऱ्या तलावाचा भार उभा असतो. आणि तो स्वतः कोरडा असतो.

लोक या ठिकाणी ‘काय ही जादू!’ असे म्हणतात व छायाचित्र काढून घेतात. आम्ही म्हणतो, येथे जादू नाही, गणित आहे. आणि त्या गणितास जादू म्हणणे हा ते करणाऱ्याचा अपमान आहे. दगडी धरण आपल्या वजनावर उभे असते. पाण्याचा रेटा खोलीबरोबर वाढत जातो, म्हणून भिंतीचा पाया सर्वांत जड व रुंद असावा लागतो; माथ्याकडे तितक्या वस्तुमानाची गरज नसते. अशा भिंतीत पोकळी ठेवायची तर ती कोठे ठेवावी? जेथे रेटा आहे त्या अंगास अखंड चिरेबंदी राखून, पाण्याच्या पाठीकडील अंगास. नळदुर्गास दालने नेमकी त्याच बाजूस उघडतात. पोकळीवरील भार कमानींनी दोन्ही बाजूंच्या घन भागावर उतरविला आहे. सांडव्याचे पाणी भिंतीस न घासता पुढे फेकले गेले पाहिजे, नाहीतर पायाचा दगड निखळतो. आणि पाणी पुढे फेकले गेले म्हणूनच खिडकीतील माणूस कोरडा राहतो. म्हणजे जो गुण धरणास वाचवितो तोच गुण पाहुण्याची अंगरखी वाचवितो. काळा पाषाण आणि चुना, एवढ्या सामग्रीत हे चारशे पावसाळे निभावले आहेत. गेल्या शंभर वर्षांत पोलाद व सिमेंट हाताशी असून किती बंधारे फुटले, याची आठवण आमच्या स्थापत्यविशारदांस करून द्यावी असे आमच्या मनात येते, पण ते लोक आधीच पुष्कळ रागावलेले असतात.

येथून आम्ही आक्षेपकांकडे वळतो.

पहिला आक्षेप आमच्या सुधारणावादी मित्रांचा. ते म्हणतात, हा एका सुलतानाचा ऐषआराम. रयत उपाशी आणि राजा धबधबा पाहत बसलेला. अशा वास्तूचे कौतुक ते काय करावयाचे? या मित्रांपैकी कित्येकांच्या दिवाणखान्यात टिव्होलीच्या कारंज्यांचे चित्र आम्ही स्वतः पाहिले आहे. कार्डिनल इप्पोलितोने लोकांची घरे पाडून बाग केली ती मात्र कला, आणि इब्राहिमाने आधीच उपयोगी असलेल्या धरणात चार खोल्या काढल्या तो ऐषआराम, हा न्याय कोणत्या स्मृतीतला? दोहोंची तुलना करायचीच असेल तर ती पाण्याच्या हिशेबाने करावी. टिव्होलीस नदी वळवून आणली ती केवळ शोभेसाठी. कारंजे चालले पाहिजे म्हणून पाणी वाहिले पाहिजे. नळदुर्गास क्रम उलट आहे. आधी तलाव भरतो, आधी किल्ल्याची गरज भागते, आणि जे उरते ते सांडव्यावरून जाताना राजास दिसते. टंचाईच्या वर्षी त्या खिडकीतून सुलतानासही कोरडा कातळच दिसत असणार. ज्या मौजेस निसर्गाने असा लगाम घातला आहे तिला ऐषआराम म्हणण्यापूर्वी आमच्या मित्रांनी आपल्या बंगल्यातील हिरवळ उन्हाळ्यात कोणाच्या पाण्यावर जगते याचा शोध घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक जोराने, परंतु अधिक हलक्या आवाजात केला जातो. हा महाल ‘आपला’ नव्हे, परक्यांचा आहे, असे म्हणणारे लोक सभेत बोलत नाहीत, पण पैसे मंजूर करण्याच्या वेळी बोलतात. त्यांस आमचे उत्तर इटलीकडूनच आहे, कारण इटलीवर त्यांचा विश्वास आहे. एस्ते उद्यानगृह पुढे वारसाहक्काने ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेले. मूर्ती विकल्या गेल्या, कारंजी बुजली. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल होहेन्लोहेने ते काहीसे सावरले, व त्याच्याकडे पाहुणा म्हणून राहिलेल्या फ्रान्झ लिस्टने त्या कारंज्यांवर पियानोची रचना केली. पहिल्या महायुद्धानंतर ते इटालियन राज्याच्या ताब्यात आले, आणि त्या राज्याने काय केले? हे एका जुलमी धर्माधिकाऱ्याचे व परकी राजघराण्याचे घर आहे, तेव्हा ते मोडू द्या, असे म्हटले काय? त्याने ते दुरुस्त करून लोकांस खुले केले. १९४४ साली बॉम्बगोळ्यांनी त्याची हानी झाली, तेव्हा पुन्हा दुरुस्त केले. २००१ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. इटालियन माणूस त्यास आपले म्हणतो, कारण दगड तेथला, पाणी तेथले, आणि राबणारे हातही तेथले होते. नळदुर्गास यांपैकी कोणती गोष्ट परकी आहे? ज्या इब्राहिमाच्या काळात हा महाल झाला त्याने दख्खनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ रचला आणि त्यात सरस्वतीची स्तुती केली. त्या राज्याचे कागद फार्सीबरोबर मराठीतही लिहिले जात, आणि मराठा सरदार त्याच्या चाकरीत होते. पौष पौर्णिमेस मैलारपुरी खंडोबाच्या यात्रेला येणारा शेतकरी नळदुर्गच्या किल्ल्यातही जातो व नर-मादीच्या जागेपुढे उभा राहतो. परकेपणाची शंका त्यास शिवत नाही; ती लिहिता-वाचता येणाऱ्यांचाच रोग आहे.

या रोगाचे एक उपलक्षण आमच्या व्यवसायबंधूंत आढळते. येथील एखादी वस्तू फारच चांगली निघाली की तिचा कर्ता परदेशी असावा असा तर्क त्यांस सुचू लागतो. ताजमहालाच्या बाबतीत हे पूर्वीच घडले आहे. सेबास्तियन मान्रिक या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने जेरोनिमो व्हेरोनेओ नावाच्या व्हेनिशियन कारागिरास त्याचे श्रेय दिले, आणि कित्येक पिढ्या तो वाद चघळला गेला. पाणी महालाविषयी ‘युरोपियन पद्धतीचा’ असे उद्गार आम्ही ऐकले आहेत. त्यांस काहीही आधार नाही. आदिलशाहीत पाण्यातील वा पाण्याकाठच्या वास्तूंची स्वतःची परंपरा होती. विजापूरजवळ कुमटगी येथे तलावाकाठचे विहारमंडप आजही पाहावयास मिळतात. शेजारच्या निजामशाहीत अहमदनगरची फराह बाग १५८३ साली पूर्ण झाली. तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल, चारी बाजूंस उंच कमानी. रोतोन्दा आणि फराह बाग यांच्या बांधकामांत वीस वर्षांचेही अंतर नाही, व दोघांच्या बांधणाऱ्यांना एकमेकांची वार्ता नव्हती. मध्यबिंदू धरून चारी दिशांस सारखे पाहणारे घर बांधावे हा विचार दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे सुचला, यात आम्हांस जो आनंद आहे तो उसनवारीच्या तर्कात नाही. पाणी महाल या परंपरेचे पुढचे पाऊल आहे. कुमटगीस महाल पाण्याच्या शेजारी आहे, फराह बागेत तो पाण्याच्या मध्यभागी आहे, नळदुर्गास तो पाण्याच्या भिंतीत आहे. या ठिकाणी एक चुटपुट आम्ही बोलून दाखवितो. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमन गृहस्थ, ज्याचे बालपण अशाच उद्यानगृहांच्या मुलखात गेले, तो १६२३-२४ साली गोव्यापासून इक्केरीपर्यंत हिंडत होता आणि बारीकसारीक सारे लिहून ठेवीत होता. पाणी महाल त्या वेळी दहा वर्षांचा होता. हा प्रवासी घाट चढून नळदुर्गपर्यंत आला असता तर आमच्या लोकांनी पाणी महालाची महती शंभर वर्षांपूर्वीच पाठ केली असती!

एक इंग्रज मात्र आला. १८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला, तो १८६० साली परत होईपर्यंत त्यांच्याच हाती होता, आणि त्यातील पहिली चार वर्षे कॅप्टन मेडोज टेलर येथे डेप्युटी कमिशनर होता. ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरीमुळे त्याचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहे. टेलर किल्ल्यात राहिला, किल्ल्यावर त्याने प्रेम केले, व १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याविषयी लिहिले. विजापूरच्या वास्तुकलेवरील १८६६ च्या ग्रंथातही फर्गसनबरोबर त्याचा हात होता. त्याच्या दृष्टीत राज्यकर्त्याचा अहंकार नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो येथे राहिला, आणि आम्ही येथून बसने जातो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ज्या गावाचे नाव जिल्ह्यास होते, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील कारवाईत भारतीय फौज सोलापूरकडून जेथे प्रथम शिरली, ते गाव आज धाराशिव जिल्ह्यातील कित्येक पदवीधरांस ‘चहा चांगला मिळणारा थांबा’ म्हणून माहीत आहे.

तिसरा पक्ष व्यवहारी लोकांचा. ते महालाचे शत्रू नाहीत. उलट त्यांस तो चालवून दाखवायचा आहे. गेल्या दशकात किल्ल्यात बगीचे झाले, नौकाविहार झाला, पर्यटकांच्या सोयी झाल्या. झाडोरा निघाला, वाटा मोकळ्या झाल्या, कुटुंबवत्सल माणसास मुलाबाळांसह जाता येऊ लागले. हे सारे चांगले झाले असे आम्ही निःसंकोच म्हणतो. उजाड किल्ल्यावर कविता करणे सोपे असते, त्यात विंचू-साप नांदत असले म्हणजे काव्य वाढते, पण भिंती वाढत नाहीत. आमचे भांडण निराळे आहे. किल्ला म्हणजे बगीचा व रोषणाई, आणि महाल म्हणजे त्यातील सर्वांत मोठा खेळ, ही समजूत एकदा पक्की झाली की वास्तूची किंमत तिकिटांच्या संख्येवर ठरू लागते. मग धबधबा नसलेल्या आठ-नऊ महिन्यांत ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ असे लोक म्हणतात. वास्तविक त्याच महिन्यांत धरणाचा घाट, सांडव्याची कडा आणि चिऱ्यांचे सांधे निवांत पाहता येतात. धरणाची लांबी, उंची, दालनांचे मजले यांचे आकडे लेखागणिक बदलतात, आणि आमचे लेखक एकमेकांचे आकडे उतरून घेतात. पॅलाडिओने आपल्या घरांचे नकाशे मोजमापांसह स्वतः छापून ठेवले; नळदुर्गच्या धरणाचा मोजमापासहित उभा छेद जिल्ह्यातील किती शाळांच्या भिंतीवर टांगलेला आहे? मुलांना ताजमहालाचे चित्र रंगविण्यास देतात, आपल्या नदीवरील धरणाचा छेद काढण्यास देत नाहीत. महालापाशी शिलालेखाचे मराठी भाषांतर ठळक अक्षरांत लावावे, दालनात कोरलेली प्रेमी युगुलांची नावे त्यांच्या मालकांकडून नाही तर निदान त्यांच्या गावच्या पंचायतीकडून पुसून घ्यावीत, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एक वर्ष परदेशी धरणांऐवजी हे धरण अभ्यासास घ्यावे, एवढ्या मागण्यांस कोणत्याही सरकारची तिजोरी रिकामी होणार नाही.

शेवटचा आक्षेप उरला. तो आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण तो करणारा माणूस आमच्या लेखी आदरास पात्र आहे. तो धाराशिवकडचा शेतकरी आहे, किंवा शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा आहे. तो म्हणतो, प्राध्यापकसाहेब, २०१६ साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले; आमच्या आया-बहिणी टँकरपुढे घागरी लावून उभ्या होत्या; अशा मुलखात तुम्ही धबधब्याची चिंता करता? बोरीवर वरच्या अंगास आता नवे धरण आहे. ते भरले आणि सांडव्यावरून पाणी सुटले तरच किल्ल्यातील नर-मादी वाहतात. तुमच्या महालापुढचा पडदा हलावा म्हणून आमच्या पिण्याच्या साठ्यातील पाणी सोडायचे काय?

मुळीच नाही. एक घागरही सोडू नये. असे पाणी सोडणे हे त्या वास्तूच्या रचनेच्याच विरुद्ध होईल. आम्ही वर सांगितले की, हा महाल उरलेल्या पाण्यावर जगतो. मीर इमादीनाने तो तसाच योजिला. लोकांची तहान भागण्यापूर्वी वाहणारा धबधबा टिव्होलीस शोभेल, नळदुर्गास शोभणार नाही. तेव्हा या शेतकऱ्याचे व आमचे वैर नाही. आम्ही दोघे एकाच गोष्टीचे अर्जदार आहोत. बोरीच्या खोऱ्यातील ओढे बांधले गेले, माळावर पाणी मुरले, वरच्या धरणातील व किल्ल्यातील तलावातील गाळ उन्हाळ्यात निघून शेतांत पडला, तर त्याच्या विहिरीस पाणी राहील, आणि वरचे धरण लवकर भरून महालासमोर धार पडेल. महालाच्या दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्यांनी दालनांच्या गिलाव्यापासून आरंभ करण्याऐवजी नदीपासून आरंभ करावा, आणि त्या आराखड्याच्या बैठकीस पुराणवस्तुखात्याच्या अधिकाऱ्याबरोबर पाटबंधारे खात्याचा अधिकारी व खोऱ्यातील गावांचे सरपंच यांस बोलवावे. आजवर अशा बैठकींत दिव्यांचे रंग किती असावेत यावर पुष्कळ चर्चा झाल्याचे आम्ही ऐकतो. गाळाचा विषय निघाल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही.